भाताचं बी, बळ्ळारी नाला आणि एक नोंदवही

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी मिस्सा आटोपून घरी आले तर मामेबहीण दारातच उभी. नववीत आहे, मराठी माध्यम. म्हणाली, "अक्का, बालविज्ञान परिषदेला प्रकल्प करायचाय. तुझं मराठी चांगलं आहे की, लिहून दे." मी साहित्याची विद्यार्थिनी. बारावीनंतर परीक्षानळीला हात लावलेला नाही. खरं सांगायचं तर मला वाटलं, दोन दिवसांचं काम. पुढचे दोन महिने त्यात गेले. आपल्या मंडळातले कितीतरी जण शाळेतल्या मुलांच्या शिकवण्या घेतात, त्यांना उपयोग होईल म्हणून हे लिहिते आहे.

आधी स्पर्धेबद्दल थोडं. राष्ट्रीय बालविज्ञान परिषद १९९३ पासून भरते. १० ते १७ वयाची मुलं त्यात भाग घेतात. आपल्या राज्यात जिल्हा आणि राज्य पातळीचं काम कर्नाटक राज्य विज्ञान परिषद पाहते. शाळेतलं विज्ञान प्रदर्शन वेगळं आणि हे वेगळं. प्रदर्शनात थर्माकोलचा ज्वालामुखी चालतो, त्यातून धूर आला की सगळे खूश. इथे मात्र मुलांनी आपल्याच परिसरातला एखादा प्रश्न घेऊन त्याचं उत्तर स्वतः शोधायचं असतं. उत्तर आधीच माहीत असेल तर तो प्रकल्प नव्हेच.

बहिणीचा पहिला विषय होता 'जलप्रदूषण'. एवढ्या मोठ्या विषयाचं करायचं काय? मी तिला एकच विचारलं, "तुला घरातून काय दिसतं?" वडगावात राहणाऱ्याला माग ऐकू येतो आणि शिवारात गेलं की बळ्ळारी नाला दिसतो. शहराचं सांडपाणी घेऊन हा नाला शहापूर-वडगावच्या भातशेतीतून जातो आणि पावसाळ्यात फुगून शेतात शिरतो. मग विषय आकसत गेला : नाल्याचं पाणी, नाल्याचं पाणी आणि भात, आणि शेवटी 'नाल्याच्या पाण्यात भाताचं बी किती उगवतं?' हे वाक्य मिळवायला आम्हाला आठवडा लागला. माझ्या मते सगळ्या प्रकल्पातलं सर्वांत अवघड काम तेच. ज्या प्रश्नाचं उत्तर मोजून देता येत नाही, तो प्रश्न अजून तयार झालेला नाही असं समजावं.

मांडणी साधी होती. एका थाळीत विहिरीचं पाणी, दुसरीत नाल्याचं, तिसरीत निम्मं-निम्मं. प्रत्येक प्रकारच्या तीन-तीन थाळ्या, कारण एकाच थाळीला बुरशी लागली तर सगळंच बुडतं. दर थाळीत ३० दाणे, म्हणजे एकूण २७० दाणे, सगळे एकाच पोत्यातले. जागा एकच, मोजायची वेळ एकच. विहिरीच्या पाण्याची थाळी कशाला, असं घरात सगळ्यांनी विचारलं. तीच तर तुलनेची थाळी. ती नसेल तर बाकीच्यांचा अर्थच लागत नाही. आणखी एक युक्ती केली. थाळ्यांवर पाण्याचं नाव न लिहिता नुसते आकडे टाकले आणि मोजायचं काम धाकट्या भावाला दिलं. कुठलं पाणी कुठे आहे हे त्याला ठाऊक नव्हतं, त्यामुळे त्याचा डोळा कुणाच्या बाजूने झुकायचा प्रश्न नव्हता. नाल्याचं पाणी मात्र मामांनी हातमोजे घालून आणलं. मुलांना एकटं नाल्यावर पाठवू नका, हे ठळक लिहून ठेवा.

आणि निकाल उलटा लागला. नाल्याच्या पाण्यातलं बी जवळजवळ विहिरीच्या पाण्याइतकंच उगवलं. बहीण रडकुंडीला आली. नाला वाईट हे 'सिद्ध' करायचं तिने ठरवूनच टाकलं होतं. त्यात ओळखीतल्या एका मोठ्या माणसाने सल्ला दिला, "थोडे आकडे कमी कर, कोण बघतंय?"

तेव्हा मी तिला ग्रेगोर मेंडेल यांची गोष्ट सांगितली. ब्रनोच्या मठातले हे धर्मगुरू वाटाण्यांवर प्रयोग करत. एका प्रयोगात त्यांनी ७,३२४ दाणे मोजले : ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले. प्रमाण तीनास एक नाही, २.९६ ला एक, आणि त्यांनी तसंच छापलं. हा निबंध १८६६ चा. पण गोष्ट इथे संपत नाही. १९३६ मध्ये संख्याशास्त्रज्ञ फिशर यांनी दाखवलं की मेंडेल यांचे एकूण आकडे अपेक्षेशी जरा जास्तच जुळतात. त्यावर वाद झाला, अजून होतो. मेंडेल १८८४ मध्ये वारले आणि त्यांचे कागदपत्र नंतर जाळले गेले. रोजच्या नोंदी हाताशी असत्या तर तो वाद कधीच मिटला असता. बहिणीने हे ऐकून घेतलं, आणि खोडरबर वापरायचं नाही असा नियम स्वतःच केला. चुकलेल्या आकड्यावर एक रेघ, शेजारी बरोबर आकडा आणि तारीख. बुरशी लागलेली थाळीही वहीत राहिली.

मग आम्ही नाल्याकाठच्या एका आजोबांना थाळ्या दाखवल्या. ते हसले. "बी उगवतंय की गं पोरी. खरं शेतात पाणी चढलं आणि तसंच राहिलं की पीक कुजतंय." म्हणजे आमचा प्रश्नच चुकीच्या जागी होता. नुकसान उगवणीच्या वेळी होत नव्हतं, रोप वर आल्यावर ते बुडण्याने होत होतं. शेतकऱ्याकडे सुरुवातीलाच गेलो असतो तर महिना वाचला असता. अहवालात तिने हेही लिहिलं, 'आमचा अंदाज चुकला' या शीर्षकाखाली. ते शीर्षक तिचंच.

अहवाल मी लिहून दिला नाही. ती बोलायची, मी विचारायची, ती लिहायची. 'उद्दिष्टपूर्ती' वगैरे शब्द मीच काढायला लावले, कारण परीक्षकाने अर्थ विचारला असता तर ती अडली असती. तिला खरी धास्ती वेगळीच होती : परीक्षक कानडी असले तर? या परिषदेत मुलं आपापल्या भाषेत मांडणी करतात हे तिला माहीत होतं, तरी भीती जाईना. मग तक्त्यांवर मथळे मराठी आणि कन्नड दोन्हींत लिहिले. कन्नड मथळे शेजारच्या काकूंनी तपासून दिले. आलेख तर कुणालाही वाचता येतो. बोलायचं मात्र मराठीतच ठरलं. घरच्यांसमोर पाच वेळा म्हणून घेतलं. पाचव्या वेळी तिने कागद खाली ठेवला.

जिल्ह्याच्या पुढे तिचा प्रकल्प गेला नाही. एका परीक्षकांनी मात्र वही मागून घेतली आणि बुरशीच्या पानावर बराच वेळ थांबले, हे ती अजून सांगते. सध्या तिच्या गच्चीवर सहा बादल्या आहेत. प्रत्येकीत भाताची रोपं, आणि कुठली किती दिवस पूर्ण पाण्याखाली ठेवायची याचा तक्ता भिंतीवर. पूर सोसणारा 'स्वर्णा-सब१' नावाचा भात २००९ मध्ये भारतात आला आणि तो दोन आठवड्यांपर्यंत पाण्याखाली तग धरतो, हे तिने कुठेतरी वाचलंय. आपल्याकडचा भात किती दिवस टिकतो, हे तिला बघायचंय. मामींना धुणं वाळत घालायला जागा उरलेली नाही.