पिल्लू दुकानात कधी द्यावं?

प्रश्न : मी हौसेनं घरी कॉकॅटील पाळतो. दुकानदार तीन आठवड्यांची पिल्लं मागतो. गिऱ्हाईक स्वतः भरवेल, पक्षी माणसाळेल, म्हणतो. देऊ का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : मुळीच देऊ नका. या वयाच्या पिल्लाला दिवसातून चार-पाच वेळा भरवावं लागतं, तेही साधारण 39 ते 41 अंश सेल्सिअसचं पातळ अन्न. जास्त गरम झालं तर अन्नपिशवी भाजते, गार झालं तर अन्न तिथंच साचून आंबतं, सिरिंज चुकली तर श्वासनलिकेत जातं. नवख्या माणसाच्या हाती हे सोपवणं क्रूरपणा आहे. माणसाळवायचंच असेल, तर तुम्ही रोज हाताळा.

कॉकॅटीलचं पिल्लू साधारण आठ-दहा आठवड्यांत दाण्यावर येतं. पण वयापेक्षा वजनकाट्यावर विसंबा. आठवडाभर न भरवता वजन टिकलं, तरच द्या.

दुकानही पारखा. 2018च्या नियमांनुसार राज्य प्राणी कल्याण मंडळाकडची नोंदणी हवी. ती दाखवायला सांगा. तिथं देशी पोपट किंवा मुनिया विकायला दिसल्या, तर व्यवहार तोडाच. वन्यजीव कायद्यानं ती विक्री गुन्हा आहे. ठिकठिकाणचे पक्षी एकाच पिंजऱ्यात कोंबलेले असतील, तरी नको. सिटाकोसिस हा पक्ष्यांचा आजार असाच पसरतो, माणसालाही होतो.

पिल्लासोबत जन्मतारीख, खाणं आणि तुमचा फोन नंबर लिहून द्या. न खपलेलं पिल्लू परत घ्यायची तयारी ठेवा. तेवढी जागा नसेल, तर पुढच्या हंगामात घरट्याची पेटी लावू नका.