झाड आपले, घरटे अमानत

एका प्रवासात काही सहाबांनी (रजि.) एका पक्षिणीची दोन पिल्ले उचलली. ती पक्षीण मागोमाग येऊन पंख फडफडवू लागली. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ते पाहिले, तिला कोणी दुखावले अशी विचारणा केली आणि पिल्ले परत करण्यास फर्मावले. हजरत अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांनी कथन केलेली ही हदीस अबू दाऊदच्या संग्रहात आहे.

गेल्या हिवाळ्यात जुम्याच्या नमाजनंतर एका बुजुर्गांनी मला विचारले, "मौलाना, परसातला जुना आंबा विकायचा आहे. व्यापारी किंमत देतो आहे, मुलीची फी भरायची आहे. पण शेंड्यावर समुद्री गरुडाचे घरटे आहे. झाड तोडले तर गुनाह होईल का?"

हा पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड रत्नागिरीच्या किनाऱ्यावर उंच झाडांवर घरटे बांधतो. मासे आणि समुद्रसाप हे त्याचे अन्न. मादी बहुधा दोन अंडी घालते. अंडी उबवण्यास सुमारे ६ आठवडे आणि पिल्लू उडण्यास त्यापुढे दोन-अडीच महिने लागतात. तेच घरटे डागडुजी करून जोडी वर्षानुवर्षे वापरते. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेचे कार्यकर्ते याच गरुडाच्या पाहणीसाठी वेळासला गेले, तेव्हा त्यांना कासवांच्या चोरलेल्या अंड्यांची टरफले दिसली. वेळासचे कासव-संरक्षण तेथून सुरू झाले.

आता मूळ प्रश्न. झाडावर मालकाचा हक्क आहे, हे शरीयतला मान्य आहे. परंतु पवित्र कुरआनच्या सूरह अल्-अनआममध्ये पक्ष्यांनाही आपल्यासारखेच समुदाय म्हटले आहे. घरट्यात अंडी वा पिल्ले असताना झाड पाडणे म्हणजे विनाकारण जीव घेणे होय. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार घरटे वा अंडी नष्ट करणे हा गुन्हा आहे, आणि देशाच्या कायद्याचे पालन हा आपला करार आहे.

कोणी म्हणेल, घार मारण्याची मुभा हदीसमध्ये आहे, मग गरुडाचे काय? त्या मुभेमागे उपद्रव हे कारण आहे. समुद्रावर मासे टिपणारा गरुड आपले काय हिरावतो? नखांनी शिकार करणारा पक्षी खाणेही निषिद्ध आहे. म्हणजे त्याला मारण्यास अन्नाची सबबही उरत नाही.

म्हणून मी त्या बुजुर्गांना सांगितले, पिल्ले उडेपर्यंत थांबा. झाड कायमचे राखता आले तर अधिक उत्तम. लावलेल्या झाडाचे फळ पक्ष्याने खाल्ले तरी ते सदका ठरते, असे प्रेषितांनी (स.) सांगितले आहे. मग त्याच्या पिल्लांना आसरा देणारे झाड सदक्याविना कसे राहील?

पण ते घरी गेल्यावर मला माझेच उत्तर अपुरे वाटले. पुण्याचा उपदेश मी केला आणि फीचा भार मात्र त्यांच्या एकट्याच्या शिरावर राहिला. गरुड साऱ्या गावाचा, तर तोटा एका घराचा का? जमाअतीने अशा घराची गरज ओळखून हातभार लावावा, हेही त्याच मसल्याचे अर्धे उत्तर आहे.

अल्लाह आपल्याला अमानत सांभाळण्याची तौफिक देवो. आमीन.