टाकी म्हणजे किती?

कुरुंदा, ता. वसमत, जि. हिंगोली

चि. पिंटूस,

हळद शिजवायला कुकर लागलाय. अंगणभर वाफ आहे, त्यातच बसून लिहितोय. फोनवर तू नुसतं "हो काका, हो काका" म्हणतोस, म्हणून कागद घेतला.

परवा गिरगावच्या लग्नात तुझ्या ऑफिसातल्या पोराचा भाऊ भेटला. म्हणाला, "तुमचा पुतण्या लई फास्ट. दिवसाला साठ टूलची डॉक्युमेंट तपासून मोकळा होतो. वाचतंय कोण! एका एआयला वाचायला लावायचं आणि त्यानं दिलेले मार्क उतरवून काढायचे." पंगतीत सगळे कौतुकानं हसले. मला घास गेला नाही. खरं आहे का हे? आपल्या घरातलं लेकरू न वाचता सही करतं?

दिवाळीत शेतातल्या आखाड्यावर लॅपटॉप उघडून ही डॉक्युमेंट तूच दाखवली होतीस ना? टूलचं नाव, खाली दोन ओळींचं वर्णन आणि काय काय भरायचं त्याचे रकाने. 2024 च्या नोव्हेंबरात अँथ्रोपिकनं मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल आणल्यापासून अशी टूल एआय एजंटांना भराभर जोडली जातायत, म्हणालास. कोणतं टूल उचलायचं हे एजंट मुख्यतः त्या दोन ओळी वाचून ठरवतो. तुझ्या नमुन्याच्या टूलवर लिहिलं होतं, "भाव देतो". बस, एवढंच. मी हळदीचा भाव विचारला, तर एजंटनं क्विंटलचा भाव किलोचा धरून हिशोब मांडला, तोही अगदी ठामपणे. तू हसलास. मला तेव्हाच हसू आलं नव्हतं.

कारण ती टाकी, पिंटू. तुला हे कधी सांगितलं नाही. तेवीस वर्षांचा असताना मी वसमतला एका कृषी केंद्रात कामाला होतो. तणनाशकाच्या चिठ्ठीवर मी लिहिलं, "एका टाकीला 250 मिली". माझ्या डोक्यात 200 लिटरची टाकी. सालगड्यानं पाठीवरच्या पंपाची धरली, 15 लिटरची. तेरापट औषध गेलं. चार दिवसांत दोन एकर सोयाबीन करपून गेलं. त्या माणसाची काय चूक? कागदावर होतं ते त्यानं इमानानं केलं. शिव्या मात्र त्यानं खाल्ल्या आणि मी दुकानात मान खाली घालून पुड्या मोजत बसलो. चिठ्ठी माझी होती, हे आजवर तुझ्या काकूलाही ठाऊक नाही.

"टाकी म्हणजे किती?" एवढं एकानं विचारलं असतं तर! तुझं काम तेच विचारायचं आहे, बाबा. एजंट त्या सालगड्यासारखाच, अडला तरी बऱ्याचदा विचारत नाही, मनानं भरतो. 2025 च्या जूनमध्ये राज्य सरकारनं शेतीसाठी महाअ‍ॅग्री-एआय धोरण मंजूर केलं. उद्या असलीच टूल आपल्या शेतापर्यंत येतील. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये, आपल्या तोंडात एकर-गुंठे. नुसतं "क्षेत्र" लिहिलेल्या रकान्यात 2 भरले, तर ते दोन एकर की जवळजवळ पाच? टूल नुसतं वाचतं की नोंद बदलतंही? कधी वापरायचं नाही, हे लिहिलंय का? चुकलं तर काय चुकलं ते सांगतं, की नुसतं "एरर" म्हणतं?

आणि नुसतं वाचूनही भागत नाही. 1999 साली, आपला जिल्हा झाला त्याच साली, नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे मंगळावरचं यान हातचं गेलं. न्यूटन-सेकंदात आकडे द्यायचे हे कागदावर ठरलेलं होतं. एका सॉफ्टवेअरनं पाउंडांच्या हिशोबात दिले. कागद बरोबर होता, वागणूक वेगळी. मार्क देणाऱ्या एआयला नुसता कागद दिलास, तर त्याला कागदच दिसणार. टूल तसं वागतं का, हे चालवल्याशिवाय कसं कळेल? म्हणून विचारतो, तू चालवून पाहतोस का?

जास्त बोललो का? साठाचा आकडा तुझ्यावर वरून लादला असेल, हे लिहिता लिहिता ध्यानात आलं. तसं असेल तर साहेबांना सांग, वीसच होतील. नाही ऐकलं तर मला कळव. मी काही करू शकणार नाही, पण हे तुझ्या एकट्याच्या मनावर राहू नये. त्या चिठ्ठीचं ओझं मी एकट्यानं वाहिलं, ते तुझ्या वाट्याला नको.

वैनी तुझा फोन येईपर्यंत अंथरुणाला पाठ टेकत नाहीत. मीही जागाच असतो. काकूनं तुझ्यासाठी नव्या हळदीची डबी वेगळी काढलीय, पाडव्याला येशील तेव्हा ने. दिवाळीत फार वाळलेला दिसलास. दुपारचं जेवतोस ना वेळेवर?

तुझा,
काका