लाबानाच्या चाकरीत याकोब

वाचन : उत्पत्ती ३१:१-१८, ३६-४२



घरभेटींना जातो तेव्हा एक गाऱ्हाणे आम्हांला वरचेवर ऐकू येते. कंपनीत वर्षात तीन साहेब बदलले. एकाने सांगितलेले दुसरा खोडतो. अकरा महिन्यांचे कंत्राट संपले की पुढचे मिळेल की नाही, हे शेवटच्या दिवसापर्यंत कळत नाही. एका भावाने आम्हांला विचारले, "फादर, बारा वर्षे मान मोडून काम केले, तरी उद्याची खात्री नाही. माझेच काही चुकले का?"

याकोबाने हेच सोसले. हारानमध्ये मामा लाबानाकडे त्याने वीस वर्षे चाकरी केली : चौदा वर्षे दोन मुलींसाठी, सहा वर्षे कळपासाठी. राहेल देतो म्हणून लाबानाने आधी लेआ दिली. पुढे मजुरी दहा वेळा बदलली. चोरीला गेलेले मेंढरूही याकोबाकडूनच भरून घेतले. दिवसा ऊन, रात्री थंडी आणि डोळ्याला डोळा नाही. अशा चाकरीत याकोब कसा वागला, ते पाहू या.

पहिली गोष्ट, त्याने कामात कसूर केली नाही. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ साली 'लाबोरेम एक्झेर्चेन्स' या परिपत्रकात शिकवले की, काम माणसासाठी आहे, माणूस कामासाठी नाही. कामाला मोल येते ते करणाऱ्या माणसामुळे. म्हणून कंत्राट संपते तेव्हा माणसाची किंमत संपत नाही. त्या भावाला आमचे उत्तर हेच : चूक तुझी नाही.

दुसरी गोष्ट, याकोबाने हिशेब ठेवला आणि वेळ आल्यावर लाबानाला तोंडावर सुनावला. सोशिक असणे म्हणजे मुके असणे नव्हे. नियुक्तिपत्र, पगाराच्या चिठ्ठ्या, पी.एफ.चा हिशेब जपून ठेवा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. नियुक्तिपत्र देणे मालकावर बंधनकारक आहे आणि कामावरून कमी केल्यास राहिलेला पगार कामाच्या दोन दिवसांत द्यावा लागतो.

तिसरी गोष्ट आम्हांला सर्वांत मोलाची वाटते. निघण्याआधी याकोबाने राहेल व लेआ यांना रानात कळपापाशी बोलावून घेतले आणि सारे सांगितले. त्या दोघींनी साथ दिली. आपल्याकडे नोकरी गेल्याचे बायकोला कधी कधी महिन्यानंतर कळते, तेही शेजाऱ्याकडून! तोवर नवरा रोज डबा घेऊन बाहेर पडतो. ही लाज कशासाठी? देवाने आपले कष्ट पाहिले, असे याकोब म्हणतो. देव पाहतो, तर घरच्यांपासून काय लपवायचे?

आपल्यांतही काही जण मालक आहेत. कोणाचा गाळा आहे, कोणाचे दुकान, कोणाची वाडी. गरीब मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी, ही अनुवादातली आज्ञा (२४:१५) आपल्यालाही आहे. लाबान नेहमी दुसराच असतो, असे समजू नका.

चिंतनासाठी :
१. नोकरीची काळजी आपण घरात बोलून दाखवतो का?
२. आपल्या वाडीत कोणाचे काम सुटले आहे? या आठवड्यात त्याच्या घरी कोण जाईल?
३. आपण कोणाची मजुरी अडवून ठेवली आहे का?