येशू होऊन गेला का? आणि पुढचं?

प्रश्न : मी नास्तिक आहे. ऑफिसातला माझा एक जवळचा मित्र वसईचा कॅथलिक. दरवर्षी ईस्टर आला की आमची जुंपते. माझं म्हणणं, येशू नावाचा माणूस झालाच नसेल, सगळं नंतर रचलेलं. तो म्हणतो, रोमन इतिहासकारांनीही त्याची नोंद केलीय, कबर रिकामी सापडली आणि त्यासाठी शिष्यांनी जीव दिला. एवढा पुरावा सम्राट अशोकाचाही नसेल. आमच्यात बरोबर कोण? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : आधी अशोकाला या भांडणातून मोकळं करू या. त्याने स्वतः कोरून घेतलेले लेख आजही उभे आहेत. येशूच्या हातचं एक अक्षरही आपल्यापाशी नाही. पण तेवढ्यावरून तुमची बाजू जिंकत नाही. उलट, नास्तिकांच्या भात्यातला सर्वांत बोथट बाण तुम्ही सर्वांत आधी काढलाय, असं माझं मत आहे.

मित्र म्हणतो ती रोमन नोंद टॅसिटसची. इ.स. 64 मध्ये रोमला आग लागली, नीरोने तिचं खापर ख्रिस्ती लोकांवर फोडलं, आणि या पंथाच्या मूळ पुरुषाला तिबेरियस बादशहाच्या काळात पंतय पिलाताने मृत्युदंड दिला होता, असं तो सुमारे 116 साली लिहितो. लिहिताना त्याचं नाक मुरडलेलं आहे, त्यामुळे ही ओळ ख्रिस्ती हाताने मागाहून घुसडली असेल असं सहसा कोणी मानत नाही. मात्र तो घटनेनंतर ऐंशीपेक्षा जास्त वर्षांनी लिहितोय. यहूदी इतिहासकार जोसेफसच्या ग्रंथात येशूवर एक अख्खा परिच्छेद आहे आणि त्यात तो मसीहा होता असं बेधडक म्हटलंय. ख्रिस्ती न झालेला यहूदी असं लिहिणार नाही. तिथे नकल करणाऱ्या कोणीतरी भर घातलीय, हे बहुतेक ख्रिस्ती अभ्यासकही मान्य करतात. पुढे त्याच ग्रंथात ‘ख्रिस्त म्हणवल्या जाणाऱ्या येशूचा भाऊ याकोब’ याला दगडांनी ठार मारल्याची नोंद येते. ती जाता जाता केलेली, कोरडी आणि म्हणूनच जास्त भरवशाची.

पण मला विचाराल तर या दोघांहून मोठा साक्षीदार प्रेषित पौल आहे. त्याची पत्रं इ.स. 50च्या दशकातली, म्हणजे वधस्तंभानंतर वीस-पंचवीस वर्षांतली. गलतीकरांना लिहिताना, आपण कोणाकडून शिकून आलेलो नाही हे ठसवण्याच्या भरात, तो सांगतो की यरुशलेमात पंधरा दिवस पेत्राकडे राहिलो आणि येशूच्या भावाला, याकोबाला, भेटलो. ज्याच्या भावाला कोणी भेटून आलंय, तो माणूस झालाच नाही असं म्हणायला फार कसरत करावी लागते. बार्ट एर्मन हे अमेरिकेतले नव्या कराराचे अभ्यासक स्वतः ईश्वर मानत नाहीत, तरी येशू होऊन गेला हे पटवून द्यायला त्यांनी 2012 मध्ये एक पुस्तकच लिहिलं.

आणखी एक गंमत पाहा. मसीहा बेथलेहेमात जन्मेल अशी यहूदी अपेक्षा होती, आणि येशू तर नासरेथचा म्हणून सर्वांना माहीत. शुभवर्तमानकार मत्तय आणि लूक दोघेही त्याला बेथलेहेमात जन्माला घालतात, पण रस्ते निरनिराळे. मत्तयाच्या कथेत कुटुंब बेथलेहेमातच दिसतं. हेरोद राजाच्या भीतीने ते इजिप्तला पळतं आणि परतल्यावर नासरेथला जातं. लूक त्यांना नासरेथहून शिरगणतीसाठी बेथलेहेमला आणतो आणि मंदिरातले विधी आटोपून सरळ घरी पोचवतो. इजिप्तचा पत्ताच नाही. शिवाय हेरोद मेला इ.स.पूर्व 4 मध्ये, आणि लूक ज्या रोमन सुभेदार क्विरीनियाचं नाव घेतो त्याची शिरगणती झाली इ.स. 6 मध्ये. हा मेळ बसवायचे पुष्कळ प्रयत्न झालेत, मला एकही पटलेला नाही. पण निष्कर्ष काय काढायचा? निव्वळ कल्पनेतलाच नायक असता तर त्याला सरळ बेथलेहेमकर करून टाकलं असतं. एवढा आटापिटा केला, कारण नासरेथचा एक खरा माणूस मध्ये आडवा येत होता.

आता कबरीकडे. इथे मात्र तुमच्या मित्राची बाजू त्याला वाटते तितकी भक्कम नाही.

वधस्तंभावरच्या कैद्याचं प्रेत कधीच पुरू देत नसत, असं काही नास्तिक ठामपणे सांगतात. ते तसंच्या तसं खरं नाही. 1968 मध्ये यरुशलेमच्या ईशान्येला एका थडग्यात दगडी अस्थिपेटी सापडली. तिच्यात एका माणसाच्या टाचेचं हाड होतं आणि त्यात आरपार लोखंडी खिळा. खिळ्याचं टोक वाकलेलं, त्यामुळे तो उपसता आला नसावा. म्हणजे वधस्तंभावर गेलेल्या निदान एका माणसाला घरच्यांनी रीतसर मूठमाती दिली होती. येशूला कबर मिळणं अशक्य नव्हतं, एवढं मान्य करू.

पुढची अडचण साक्षींची आहे. चार शुभवर्तमानांत सर्वांत जुनं मार्काचं, सुमारे इ.स. 70चं. त्यात मग्दालीया मरीया, याकोबाची आई मरीया आणि सलोमे अशा तिघी सुगंधी द्रव्यं घेऊन पहाटे कबरीपाशी जातात. आत पांढऱ्या झग्यातला एक तरुण बसलेला. तो सांगतो, येशू उठलाय, शिष्यांना निरोप द्या, गालीलात भेट होईल. बायका थरथरत पळत सुटतात आणि भीतीने कोणालाच काही सांगत नाहीत. संपलं! चौथ्या शतकातल्या सिनाइटिकस आणि व्हॅटिकेनस या दोन प्रख्यात हस्तलिखितांत मार्क इथेच थांबतो. उठलेला येशू त्यात एकालाही दिसत नाही. आज छापलेल्या बायबलात पुढे ज्या बारा ओळी आहेत त्या मागाहून जोडलेल्या, असं बहुतेक अभ्यासक धरतात, आणि अनेक नव्या आवृत्त्यांत तशी टीपही असते.

मत्तयात हाच प्रसंग आला की भूकंप होतो, देवदूत धोंड लोटून तिच्यावर बसतो, पहारेकरी मेल्यागत पडतात, आणि बायका भीत भीत पण हर्षाने निरोप द्यायला धावतात. लूकमध्ये एका तरुणाचे दोन पुरुष होतात. भेटी यरुशलेमात आणि आसपास घडतात आणि शिष्यांना तर शहर सोडू नका असंच बजावलं जातं. योहानात थोमा जखमा पाहिल्याशिवाय विश्वास ठेवत नाही. जसजशी वर्षं जातात तसतसे तपशील वाढतात आणि आक्षेपांना उत्तरंही कथेतच मिळू लागतात. वकिलाला हे चांगलंच ओळखीचं वाटेल.

पौलाने करिंथकरांना दर्शनांची जुनी यादी दिलीय : केफा म्हणजे पेत्र, बारा जण, पाचशेहून अधिक बंधू, याकोब, सगळे प्रेषित आणि शेवटी स्वतः पौल. तीत ना रिकाम्या कबरीचा उल्लेख, ना बायकांचा. आणि स्वतःला झालेलं दर्शन, जे येशू गेल्यावर काही वर्षांनी झालं, ते तो इतरांच्याच रांगेत बसवतो. म्हणून इतिहास इथवर येतो : या लोकांना काहीतरी दिसलं आणि ते येशूच आहे अशी त्यांची पक्की खात्री झाली. मेलेला माणूस उठला की नाही, हे इतिहासाच्या साधनांनी ठरत नाही. तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने 1748 मध्येच कसोटी सांगून ठेवलीय की साक्ष खोटी असणं हे त्या चमत्काराहून जास्त चमत्कारिक ठरेल, तरच चमत्कार मानावा. श्रद्धावान म्हणेल, देव आहे हे गृहीत धरलं तर पारडं बदलतं. बरोबर आहे, बदलतं. पण मग वाद कबरीचा उरत नाही, देवाचा होतो, आणि तो ईस्टरच्या एका दुपारी मिटणारा नाही.

शिष्यांच्या हौतात्म्याबद्दल थोडक्यात. जब्दीचा मुलगा याकोब, येशूचा भाऊ याकोब, पेत्र आणि पौल यांच्या मृत्यूंना बऱ्यापैकी जुना आधार आहे. बाकीच्यांचं बहुतेक परंपरेवर, अगदी आपल्याकडे मैलापूरला मारल्या गेलेल्या थोमापर्यंत. आणि जीव देणारा माणूस प्रामाणिक होता एवढंच त्यातून कळतं. तो बरोबर होता की नाही, हे कळत नाही.

मित्राला खरंच अडचणीत टाकायचं असेल तर कबर सोडा आणि जगाच्या अंताबद्दल विचारा. ही पिढी सरण्याआधी हे सगळं घडेल, असं मार्काचा येशू तेराव्या अध्यायात सांगतो. थेस्सलनीकाकरांना लिहिताना पौलही, तो दिवस आपल्या हयातीत येईल अशाच सुरात बोलतो. ती पिढी गेली, कितीतरी पिढ्या गेल्या. धर्मशास्त्रज्ञ आल्बर्ट श्वाइट्झरने 1906 मध्ये याच मुद्द्यावर बोट ठेवलं, आणि 1913 मध्ये तोच श्वाइट्झर येशूच्या नावाने आफ्रिकेत डॉक्टरकी करायला गेला. तुमचा मित्र याला काय उत्तर देतो ते ऐकायला मला आवडेल.

ता.क.मध्ये तुम्ही विचारलंय : असे प्रश्न विचारणं हा ख्रिस्ती माणसाचा अपमान तर नाही ना? मुळीच नाही, यातले निम्मे प्रश्न ख्रिस्ती लोकांनीच उकरलेत. डेव्हिड स्ट्राउस या धर्मशास्त्राच्या तरुण अध्यापकाने 1835 मध्ये येशूचं चरित्र लिहून चमत्कारांना मिथककथा ठरवलं आणि नोकरी गमावली. आपल्या पंडिता रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला आणि त्यानंतरही येशूचं ईश्वरत्व आणि त्रैक्य यांवरून आपल्या गुरू सिस्टर जेराल्डिनना पत्रांतून असं हैराण केलं, की शिष्या कोण आणि गुरू कोण असा प्रश्न पडावा. रमाबाई अखेरपर्यंत ख्रिस्तीच राहिल्या.

पुढच्या ईस्टरआधी दोघांनी मिळून एक करा : मार्क एका बैठकीत वाचून काढा. सोळाच अध्याय आहेत, दोन तासांत होतील. सोळाव्याच्या आठव्या ओळीवर थांबा आणि मग भांडा.