व्यापारी इमारतींची प्रकाशयोजना : नवे प्रवाह, नवा हिशोब

रेशमी साडी पसंत पडली, तरी ती दुकानाच्या दाराशी नेऊन उजेडात एकदा पाहण्याची पद्धत जुनी आहे. दिव्याखाली मोरपिशी वाटलेला रंग घरी गेल्यावर गर्द निळा निघू नये, ही त्यामागील काळजी. बँकेच्या शाखेत रोखपालासमोर हाच प्रश्न वेगळ्या रूपात उभा असतो. नोटेवरील बारीक रेषा, धनादेशावरील स्वाक्षरी आणि पासबुकातील फिकट अंक हे सारे त्याला दिवसभर दिव्याखालीच पारखावे लागतात. प्रकाशयोजना ही केवळ सजावटीची बाब आहे, असा समज अद्याप रूढ आहे. वस्तुतः ग्राहकाचा विश्वास, कर्मचाऱ्यांचे डोळे आणि दरमहाचे वीजबिल ही तिन्ही तिच्याशी निगडित आहेत. या क्षेत्रातील बदलांचा प्रस्तुत लेखात परामर्श घेतला आहे.

दिव्यांची वाटचाल

तारेचा जुना दिवा एका वॅटमागे साधारण १० ते १५ ल्यूमेन प्रकाश देत असे. उरलेली बहुतेक वीज उष्णतेत जात असे. फ्लुरोसंट ट्यूबलाइटने यात मोठी सुधारणा केली. प्रथम ३८ मिलिमीटर जाडीची ४० वॅटची, पुढे २६ मिलिमीटरची ३६ वॅटची आणि त्यानंतर १६ मिलिमीटरची २८ वॅटची, असा तिचा प्रवास झाला. खरी क्रांती मात्र एलईडीने घडविली. लाल व हिरव्या प्रकाशाचे डायोड पूर्वीपासून होते. पांढऱ्या प्रकाशासाठी निळ्याची उणीव होती. ती दूर करणाऱ्या इसामु अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा या शास्त्रज्ञांना २०१४ मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आज चांगल्या प्रतीचा एलईडी दिवा एका वॅटमागे १०० ल्यूमेनहून अधिक प्रकाश देतो.

भारतात या दिव्याचा प्रसार किमतीने रोखून धरला होता. सरकारी खरेदीत २०१४ मध्ये सुमारे ३१० रुपयांना पडणारा एलईडी बल्ब, एकत्रित मागणीमुळे २०१६ पर्यंत ३८ रुपयांवर आला. जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘उजाला’ योजनेखाली ३६ कोटींहून अधिक बल्ब वितरित झाले.

ट्यूबलाइटमध्ये पारा असतो, ही बाबही विसरून चालणार नाही. पाऱ्याच्या वापराविषयीच्या मिनामाता कराराच्या सदस्य देशांनी नोव्हेंबर २०२३ मध्ये, फ्लुरोसंट ट्यूबचे उत्पादन व आयात-निर्यात २०२७ अखेरपर्यंत टप्प्याटप्प्याने थांबविण्याचे ठरविले. भारत या कराराचा सदस्य आहे. त्यामुळे जुन्या ट्यूब बदलणे हा आता केवळ सोयीचा प्रश्न राहिलेला नाही. काढलेल्या ट्यूब मात्र फोडून कचऱ्यात न टाकता अधिकृत ई-कचरा संकलकाकडे सोपवाव्यात.

किती प्रकाश पुरेसा?

दिव्यातून निघणारा प्रकाश ल्यूमेनमध्ये मोजतात, तर टेबलावर पोहोचणारा प्रकाश लक्समध्ये. एका चौरस मीटरवर एक ल्यूमेन प्रकाश पडला, तर तो एक लक्स होय. भारतीय मानकानुसार सर्वसाधारण कार्यालयात कामाच्या पृष्ठभागावर ५०० लक्सच्या आसपास, तर येण्याजाण्याच्या मार्गिकेत सुमारे १०० लक्स प्रकाश योग्य मानला जातो. पूर्वी मार्गिका, कपाटांमधील बोळ आणि टेबल या सर्वांना सारखाच झगमगाट मिळत असे. आता संपूर्ण दालनात मध्यम प्रकाश आणि प्रत्यक्ष कामाच्या जागी स्वतंत्र दिवा, ही पद्धत रूढ होत आहे. छत व भिंती पांढऱ्या ठेवल्यास तेवढ्याच विजेत अधिक उजेड मिळतो, हे साधे सत्यही वास्तुविशारद आवर्जून सांगू लागले आहेत.

ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या इमारतविषयक संहितेतही हाच विचार दिसतो. २००७ च्या संहितेत कार्यालयांच्या प्रकाशयोजनेसाठी दर चौरस मीटरला १०.८ वॅट ही मर्यादा होती. २०१७ च्या आवृत्तीत ती ९.५ वॅटवर आली आणि सर्वोच्च श्रेणीसाठी ५ वॅट ठरविण्यात आली.

बचतीचा हिशोब

उदाहरणादाखल १०० जुन्या ट्यूबलाइट असलेले कार्यालय घ्यावे. ४० वॅटची ट्यूब आणि तिचा तांब्याचा चोक मिळून सुमारे ५२ वॅट वीज घेतात. त्यांच्या जागी २० वॅटच्या एलईडी ट्यूब बसविल्यास प्रत्येकी ३२ वॅट, म्हणजे एकूण ३.२ किलोवॅट भार कमी होतो. दिवसाला १० तास व वर्षाला ३०० दिवस धरता ९,६०० युनिट वाचतात. दर युनिटला १० रुपये धरल्यास ही बचत ९६,००० रुपये होते. प्रत्येक दिव्यामागे ४०० रुपये खर्च धरला, तर ४०,००० रुपयांची ही गुंतवणूक ५ महिन्यांत भरून निघते. दर व वापराप्रमाणे आकडे बदलतील. जेथे अलीकडच्या बारीक ट्यूब आहेत, तेथे बचतही कमी असेल. तथापि, हिशोबाची रीत हीच राहील.

यात आणखी एक लाभ दडलेला आहे. दिव्यांना दिलेली वीज अखेरीस खोलीतच उष्णता होऊन उरते आणि ती बाहेर काढण्याचे काम वातानुकूलन यंत्राला करावे लागते. एक टन क्षमतेचे यंत्र सुमारे ३.५ किलोवॅट उष्णता बाहेर टाकते. म्हणजे वरील कार्यालयातील दिवे बदलल्याने जवळजवळ एक टन वातानुकूलनाचा भारही हलका होतो.

सूर्यप्रकाश आणि नियंत्रण

सर्वांत स्वस्त दिवा म्हणजे न लावलेला दिवा. दिल्लीतील इंदिरा पर्यावरण भवन या केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या वास्तूचे उद्घाटन फेब्रुवारी २०१४ मध्ये झाले. मध्यभागी मोकळे प्रांगण आणि दक्षिणोत्तर तोंडे असलेले दोन भाग अशी तिची रचना आहे. त्यामुळे ७५ टक्क्यांहून अधिक क्षेत्राला दिवसाचा उजेड मिळतो आणि दिव्यांचा भार दर चौरस मीटरला सुमारे ५ वॅट इतकाच राहतो. बाहेरच्या उजेडानुसार दिवे मंद करणारे सेन्सरही तेथे आहेत.

जुन्या इमारतीची दिशा बदलता येत नाही. वायरिंग मात्र बदलता येते. खिडकीलगतच्या ओळीचे बटण वेगळे केले, तरी दुपारी ती ओळ बंद ठेवता येते. अभिलेख कक्ष, प्रसाधनगृह व जिने येथे माणसाची चाहूल लागताच दिवा लावणारे सेन्सर उपयुक्त ठरतात. सेन्सर कोठे व किती वेळाने दिवा बंद करणार, हे मात्र विचारपूर्वक ठरवावे. काम करता करता अंधार होऊ लागला, तर कर्मचारी पहिल्याच आठवड्यात तो सेन्सर बंद करून टाकतात.

रंग आणि डोळे

प्रकाशाची छटा केल्विनमध्ये सांगतात. ३,००० केल्विनच्या आसपासचा प्रकाश पिवळसर, तर ६,००० च्या पुढील प्रकाश निळसर भासतो. कार्यालयांना ४,००० केल्विनच्या जवळची छटा मानवते. सोन्याची पेढी उबदार छटा पसंत करते. वस्तूचा रंग किती खरा दिसतो, हे सांगणारा रंगदर्शकांक याहून वेगळा असतो. तो १०० पैकी मोजतात. कार्यालयात तो किमान ८० आणि वस्त्रालयात ९० च्या आसपास असावा.

डोळ्याच्या पडद्यावरील काही विशेष पेशी स्वतःच प्रकाश टिपून शरीराच्या दैनंदिन घड्याळाला वेळ कळवितात, हे २००२ मध्ये स्पष्ट झाले. तेव्हापासून दिवसभर छटा बदलणारे दिवेही बाजारात आले आहेत. त्यांवर खर्च करण्यापूर्वी कर्मचाऱ्यांच्या खुर्च्या खिडकीजवळ आणता येतील का, हे पाहणे शहाणपणाचे ठरेल.

खरेदीपूर्वी

केवळ वॅट व किंमत पाहून दिवे घेण्याची सवय महागात पडते. वेष्टनावरील ल्यूमेन, केल्विन, रंगदर्शकांक, पॉवर फॅक्टर, भारतीय मानक ब्यूरोचे नोंदणी चिन्ह आणि हमीची मुदत तपासावी. हलक्या प्रतीच्या दिव्यात एलईडी टिकते, पण तिला वीज पुरविणारा ड्रायव्हर आधी निकामी होतो किंवा प्रकाश सूक्ष्मपणे लुकलुकू लागतो. दिवसअखेर होणाऱ्या डोकेदुखीचे ते एक कारण असू शकते. मोठ्या खरेदीपूर्वी एकाच दालनात नमुन्याचे दिवे लावून लक्समापकाने टेबलावरील प्रकाश मोजावा आणि तेथे बसणाऱ्यांचे मत विचारावे. नंतरही दिव्यांवरील धूळ नियमितपणे पुसण्याची व्यवस्था असावी.

सारांश, नव्या प्रकाशयोजनेचा कस दिव्यांच्या संख्येवर लागत नाही. योग्य जागी, योग्य वेळी आणि खऱ्या रंगाचा प्रकाश मिळतो की नाही, हीच तिची कसोटी होय. ज्या दुकानातील ग्राहक साडी दाराशी न नेता आतच पसंत करतो आणि ज्या शाखेतील ज्येष्ठ खातेदाराला पासबुक वाचण्यासाठी खिडकी शोधावी लागत नाही, तेथे ही कसोटी उत्तीर्ण झाली असे समजावे.