नावावर काही नाही

‘माझ्या नावावर कोणतीही स्थावर मिळकत नाही.’ माझे २६ लाख थकवलेल्या ठेकेदाराने दरखास्तीत दिलेल्या शपथपत्रातले हे वाक्य. वाचून माझा मुलगा भडकला. आमचे वकील मात्र हसले. म्हणाले, “शेठ, हे खरंच असणार. नावावर नसेलच. आता कुणाच्या नावावर आहे ते बघा.”

सिमेंट-सळईचे दुकान चालवणाऱ्याला असली शोधाशोध कुठली माहीत? पण करावी लागली. उधारीवर माल देणारे माझ्यासारखे पुष्कळ आहेत, त्यांच्यासाठी लिहितो आहे.

डिक्री मिळाली की कोर्ट पैसे वसूल करून देते, हा समज आधी सोडा. डिक्री झाल्यापासून बारा वर्षांत तिची बजावणी मागता येते. दरखास्त दाखल केली की दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१, नियम ४१ खाली ऋणकोला मालमत्तेचे शपथपत्र द्यायला लावता येते. त्याने हुकूम मोडला, तर तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. पण कोर्ट स्वतः उठून कुणाची जमीन शोधायला जात नाही. गट नंबर, चतु:सीमा, हिस्सा हे सगळे आपण लिहून द्यायचे, मग जप्ती.

बहुतेक जण आजचा सातबारा काढतात, नाव दिसले नाही की हात टेकतात. आजच्या उताऱ्यावर काय दिसावे, याची तजवीज समोरच्याने केलेली असते. त्यामुळे बघायचे ते फेरफार. कोणता फेरफार कधी पडला आणि आपली नोटीस कधी पोचली, या दोन तारखा शेजारी ठेवल्या की पुष्कळ उलगडते.

मराठी माणसाच्या नावात बापाचे नाव असतेच. महाभूलेखवर गाव निवडून पहिल्या, मधल्या नावाने किंवा आडनावाने शोधता येते. ठेकेदाराच्या मूळ गावात त्याच्या नावाने काहीच निघाले नाही. मग वडिलांच्या नावाने शोधले आणि साडेचार एकर बागायत निघाली. वडील वारून सहा वर्षे झालेली, पण वारस नोंद मुद्दाम घातलेली नव्हती. माणूस गेला त्याच क्षणी वारसांना हक्क मिळतो. सातबाऱ्यावरची नोंद नंतरची, महसुलासाठीची. म्हणजे शपथपत्रातला ‘नावावर’ हा शब्द फार विचार करून घातलेला होता.

उताऱ्यावरच्या दोन आखूड नोंदींकडे लक्ष ठेवा. ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. नाव एकट्या थोरल्या भावाचे दिसते, जमीन मात्र सगळ्यांची असू शकते. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता. नववीतल्या पोराच्या नावावर दोन एकर आणि अ.पा.क. म्हणून बाप! पोराने पैसे कुठून आणले, हे विचारायला वकील लागत नाही, सिद्ध करायला लागतो. सासुरवाडीचे गाव आणि आजोळ हेही तपासा. गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. तिथे ग्रामपंचायतीचा नमुना ८, शहरात मालमत्ता पत्रक आणि घरपट्टीचा उतारा. घरपट्टीत मालक आणि भोगवटादार वेगळे असले, तर थांबून बघा.

फ्लॅटचा पत्ता लागणे अवघड. नोंदणी विभागाच्या ई-सर्चला गाव, वर्ष आणि मिळकतीचा क्रमांक द्यावा लागतो, आणि नेमका तोच आपल्याकडे नसतो. आम्हाला तो भलत्याच ठिकाणी सापडला. ठेकेदाराची बायको मागे नगरपालिकेला उभी राहून पडली होती. उमेदवाराला पती किंवा पत्नीची मालमत्ताही शपथेवर जाहीर करावी लागते. त्या कागदात नवऱ्याच्या रकान्यात पुण्यातला फ्लॅट, सर्व्हे नंबर आणि इमारतीसकट! एकाच माणसाचे वर्णन करणारी दोन शपथपत्रे टेबलावर शेजारी ठेवून वकिलांनी चहा मागवला.

त्या क्रमांकावर सूची दोन, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताचा गोषवारा, काढली. विलेखाचा प्रकार : बक्षीसपत्र. मोबदला : शून्य. लिहून देणार नवरा, लिहून घेणार बायको, दोघांचा पत्ता एकच. दस्त नोंदवल्याची तारीख आमची नोटीस पोचल्यानंतर तिसऱ्या आठवड्यातली. राहते घर बायकोमुलांना बक्षीस द्यायला आपल्या राज्यात मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, वर स्थानिक अधिभार काय असेल तो. म्हणजे लपवणेही स्वस्तच.

असे हस्तांतर आपोआप रद्द होत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५३ प्रमाणे ते धनकोंना बुडवायला केले, हे दाखवावे लागते आणि दावा सर्व धनकोंच्या हितासाठी लावावा लागतो. खडी-वाळूवाला आणि सेंट्रिंगवाला आमच्यासोबत आले. पण एक गोष्ट आधी पाहायला हवी : बोजा. सरसाई या तारणांच्या केंद्रीय नोंदवहीत शोध घेतला, तर फ्लॅटवर बँकेचे भले मोठे गृहकर्ज. बँक आधी, आपण नंतर. तो दावा अजून चालू आहे आणि त्यातून फार निघेल असे मला वाटत नाही.

शेतीचे तसे नव्हते. वडिलांच्या जमिनीतला त्याचा अविभक्त हिस्सा जप्त करून घेतला. (शेतकऱ्याचे राहते घर मात्र कलम ६० मुळे जप्त होत नाही.) बेलिफाने गटावर हुकूम लावला, कोतवालाने दवंडी दिली, एक प्रत ग्रामपंचायतीच्या फलकावर डकवली. घरकुलाच्या यादीशेजारीच. दोन म्हातारे तो कागद बोट फिरवत मोठ्याने वाचत होते. जप्तीनंतर केलेली खासगी विक्री कलम ६४ प्रमाणे आपल्याविरुद्ध टिकत नाही. पण आधीच नोंदवलेले साठेखत असेल, तर त्यावरून होणारी विक्री वाचते, तेव्हा तेही शोधून ठेवा.

पैशाच्या दाव्यात ‘लिस पेंडन्स’ची नोटीस नोंदवून जमीन अडकवता येते, असे सांगणारे भेटतात. ती तरतूद त्या मिळकतीवरच्या हक्काचा वाद असेल तेव्हाची. पैशाच्या दाव्यात निकालाआधी जप्ती हवी असेल, तर आदेश ३८, नियम ५. तिथेही नुसता संशय चालत नाही, समोरचा माल हलवतो आहे याचा पुरावा लागतो. म्हणून नोटीस टाकण्याआधी सगळे उतारे तारखेसह काढून ठेवा. नोटीस म्हणजे त्याच्यासाठी पळा म्हणून मारलेली शिट्टी असते.

पॅन नंबरवरून बँकेची खाती काढून देतो, असे म्हणणारा एजंटही आमच्याकडे आला होता. त्याला चहा पाजून वाटेला लावले. चोरून आणलेला कागद कोर्टात कसा आणला हे सांगावे लागते, शिवाय आपल्यावरच गुन्हा. नोंदणी कायद्याच्या कलम ५७ प्रमाणे मिळकतीच्या दस्तांची सूची फी भरून कुणालाही पाहता येते. सरळ वाटेने इतके मिळत असताना आडवाट कशाला?

पैसे शेवटी लिलावाने आले नाहीत. ठेकेदाराच्या थोरल्या भावाला ठिबकसाठी कर्ज हवे होते आणि इतर हक्कातला जप्तीचा शेरा पाहून बँकेने त्याला परत पाठवले. भाऊच आमच्या दुकानात आला. व्याज थोडे सोडून कोर्टात तडजोड झाली, रक्कम हप्त्यांनी. जप्ती आत्ताच उठवा, असा त्याचा आग्रह होता. वकिलांनी पुरशिसमध्ये, म्हणजे कोर्टात द्यायच्या लेखी निवेदनात, एकच ओळ वाढवली : शेवटचा धनादेश वटल्यावर. तो वटला, मगच मी सही केली.